रबर पेंट काढणे

क्लोरिनेटेड रबरचा जुना रंग सिमेंटवरून किंवा लोखंडावरून उतरवण्याचे काम. नैसर्गिक रबराशी क्लोरिनची प्रक्रिया घडवून हे राळेसारखे द्रव्य बनवतात; त्यात वजनाने सुमारे ६५ टक्के क्लोरिन असते. पाणी, आम्ल, क्षार यांना हा रंग दाद देत नाही. म्हणून तो पाण्याच्या हौदांना, पोहण्याच्या तलावांना आणि लोखंडी सांगाड्यांना लावतात.

गावात ‘रबर पेंट’ हे नाव फार सैल चालते. मृगाच्या आधी गळक्या स्लॅबवर मारतात ते ॲक्रिलिकही विदर्भात ‘रबर’च. त्यामुळे आधी ओळख पटवावी. पांढरी चिंधी झायलीनमध्ये (रंग पातळ करायचे एक ज्वालाग्राही द्रावक) भिजवून मिनिटभर दाबून धरली की क्लोरिनेटेड रबर चिकट होऊन चिंधीला लागते. ॲक्रिलिक बहुधा फुगून पापुद्र्यासारखे ओढले जाते, पक्क्या इपॉक्सीला (दोन द्रव मिसळून कडक होणारा रंग) काहीच होत नाही. घासलेटाने क्लोरिनेटेड रबर विरघळत नाही. कॉस्टिक सोडाही वाया जातो. क्षाराला टिकणे हाच तर या रंगाचा गुण.

हा रंग केवळ द्रावक उडून वाळतो, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जात नाहीत. म्हणून वीस वर्षांनीही तो झायलीनमध्ये पुन्हा विरघळतो. खरी पंचाईत त्यानंतरची : विरघळलेला रंग सिमेंटच्या छिद्रांत मुरतो आणि हौदाच्या तळाला हिरवट डाग कायमचा बसतो. म्हणून सुटलेले पोपडे आधी स्क्रॅपरने आणि तारेच्या ब्रशने काढावेत, घासताना पाणी शिंपडत राहावे. उरलेल्या रंगावर खडूची पूड झायलीनमध्ये कालवून थालीपिठासारखी थापायची, वर प्लॅस्टिक झाकायचे आणि रंग मऊ झाला की लेप ओला असतानाच खरवडायचा. लेप वाळू दिला तर सगळी मेहनत पुन्हा.

विदर्भात या कामाची वेळच वाईट येते. जिनिंगच्या शेडमध्ये कापूस आणि सरकी असेपर्यंत ज्वालाग्राही द्रावक आत नेता येत नाही. शेड रिकामी होते ती एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ अंशांवर असताना. झायलीनची वाफ साधारण २५ ते ३० अंशांनाच पेट घेऊ शकते, म्हणजे तिथे दिवसभर विडीचीही सोय नाही. रंग काढण्याच्या काही तयार द्रवांतील डायक्लोरोमिथेन तर सुमारे ४० अंशांना उकळते; उन्हात ठेवलेला डबा उघडताच अंगावर उडतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने हौदाच्या तळाशी साचते. एकट्याने हौदात उतरणे हा शुद्ध आत्मघात. पहाटेच काम उरकावे, हवा खेळती ठेवावी, वर दोर धरून माणूस उभा असावा.

ब्लो लॅम्पने जाळू नये : हायड्रोजन क्लोराइडचा धूर डोळे व छाती जाळतो. जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिसे असू शकते. भारतात घरगुती व सजावटी रंगांना शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. उरलेला द्रव बांधावर ओतला तर उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगांतून तो थेट खाली उतरतो, आणि विहीर बहुधा जवळच असते. तो झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवावा.

मुळात थर घट्ट असेल आणि वर पुन्हा रबर पेंटच द्यायचा असेल, तर तो काढण्याची गरज नसते. नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. इपॉक्सी मारायचा असल्यास मात्र त्यातले द्रावक खालच्या थराला सुरकुत्या पाडते. तेव्हा कोपऱ्यात हातभर जागेवर मारून दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून पाहावे.