सापांची अडगळीची खोली

नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं सगळ्यांच्या तोंडी, पण जगात सापांच्या साधारण 4000 जाती आहेत आणि त्यातल्या जवळपास अर्ध्या एकट्या कोल्युब्रिडी कुळातल्या. धामण, तस्कर, हरणटोळ, कवड्या, मांजऱ्या सगळे इथलेच. कुळ एवढं का फुगलं त्याची गंमत अशी की पूर्वी जो साप नागाच्या घराण्यात बसेना, घोणसाच्या बसेना, अजगरही नाही, त्याला सरळ इकडे ढकलायचे, म्हणजे अडगळीची खोलीच! डीएनए तपासायला लागल्यावर काहींना वेगळं घर मिळालं, दिवड-नानेटीला कुठे ठेवायचं यावर मात्र एकमत नाही.

या अडगळीत एकेक वल्ली आहेत. आफ्रिकेतला अंडीखाऊ साप अख्खं अंडं तोंडात घेतो, घशाशी आलेल्या मणक्यांच्या टोकांनी ते आतल्या आत फोडतो, आतला ऐवज पोटात आणि टरफल बाहेर. जपानमधला एक पाणसापासारखा साप भेक (खडबडीत कातडीचे विषारी बेडूक) खातो आणि भेकाचंच विष मानेतल्या ग्रंथींमध्ये साठवून ठेवतो. शत्रू आला की मान पुढे करतो. जिथे भेक नाहीत त्या बेटावरचे त्याचे भाऊबंद मात्र मान दाखवायच्या भानगडीत न पडता पळ काढतात.

आणि हो, हे सगळे 'बिनविषारी' असं सरसकट म्हणू नका. बहुतेकांपासून माणसाला धोका नाही हे खरं, पण आफ्रिकेतला बूमस्लँग हा जहाल विषारी साप याच कुळातला. 1957 मध्ये कार्ल श्मिट नावाचे अमेरिकेतले नामांकित सर्पतज्ज्ञ त्याच्या चाव्याने दुसऱ्या दिवशी गेले, तेही स्वतःची लक्षणं लिहून ठेवत.

निसर्गात हे साप मधल्या पायरीवर असतात, उंदीर-बेडूक खातात आणि गरुड-मुंगसांच्या पोटात जातात. पनामातल्या एका जंगलात 2004 मध्ये बुरशीच्या साथीने बेडूक मेले आणि मागोमाग सापांच्या कित्येक जाती विरळ झाल्या, खायलाच नाही तर राहणार कसे.

उलटंही होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मालाबरोबर एक तपकिरी मांजऱ्या ग्वाम बेटावर पोचला, तिथल्या पक्ष्यांना असल्या शिकाऱ्याची सवयच नव्हती, काही दशकांत जंगलातले बहुतेक मूळचे पक्षी संपले. मग कोळी-किडे टिपणारे पक्षीच नाहीत म्हणून कोळिष्टकं वाढली, आणि फळं खाऊन लांब नेणारं कुणी उरलं नाही म्हणून बिया आता आईच्या झाडाखालीच पडून राहतात.