चायना ग्रासच्या लडीमागचा समुद्र

पुण्यात शेवाळ म्हटले की पावसाळ्यात वाड्याच्या फरशीवर धरणारा निसरडा हिरवा थर डोळ्यांसमोर येतो. समुद्रशैवाल मात्र किराणा दुकानातून इथल्या घरोघर पोहोचते, फक्त तिथे त्याचे नाव चायना ग्रास असते. ती पांढरी, कोरडी, हलकी लडी पाण्यात भिजवून उकळली की विरघळते आणि दुधात मिसळल्यावर फ्रिजविनाही थिजते. हे अगर, म्हणजे लाल शैवालांच्या पेशीभित्तिकांतून निघणारा पदार्थ. जपानमध्ये तो सतराव्या शतकापासून तयार होत आला आहे.

स्वयंपाकघरातून तो प्रयोगशाळेत नेला फॅनी हेसे यांनी. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या बर्लिनमधील प्रयोगशाळेत त्यांचे पती काम करत होते आणि जिवाणू वाढवण्यासाठी वापरलेले जिलेटिन उष्णतेने पातळ होत असे. 1881च्या सुमारास फॅनी यांनी अगर सुचवले. ते साधारण 85 अंशांना वितळते, पण निवताना 40 अंशांच्या आसपास येईपर्यंत घट्ट होत नाही. म्हणून शरीराच्या तापमानालाही ते घट्टच राहते. पुण्यातील महाविद्यालयांत आज सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी जिवाणू वाढवण्यासाठी पेट्री डिशमध्ये, म्हणजे चपट्या बशांत, जे अगर ओततात, त्याचा उगम इथे आहे.

दुसऱ्या महायुद्धात जपानी अगर मिळेनासे झाले, तेव्हा इतर देशांप्रमाणे भारतानेही स्वतःच्या किनाऱ्याकडे पाहिले. त्याआधी, 1930च्या दशकात, डॅनिश शास्त्रज्ञ बोर्गेसेन यांनी मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील शैवालांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. देशातील ज्ञात समुद्रशैवालांची संख्या पुढे सुमारे 844 जातींपर्यंत गेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लाल गटातील आहेत. उद्योग उभा राहिला तो प्रामुख्याने तमिळनाडूत, आणि तोही नैसर्गिक साठ्यांवर. मन्नारच्या आखातात स्त्रिया पाण्यात बुड्या मारून शैवाल हाताने खुडत आल्या आहेत. ज्या खडकांवर मासे, खेकडे आणि शंख-शिंपल्यांची पिल्ले आसरा घेतात त्याच खडकांवरून हा कच्चा माल येत असल्याने मागणी वाढली तसा साठ्यांवर ताण पडला.

त्यावर उपाय म्हणून लागवड आली, पण ती मुख्यतः काप्पाफायकस या एकाच परदेशी जातीची. टूथपेस्ट आणि आइस्क्रीम दाट करणारे कॅरॅगीनन तिच्यापासून मिळते. ती झपाट्याने वाढते, आणि अडचणही त्यातच आहे: 2008च्या सुमारास मन्नारच्या आखातातील क्रुसडाई बेटाजवळ ती जिवंत प्रवाळांवर पसरल्याचे आढळले. 2020मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शैवालांसाठी 640 कोटी रुपयांची तरतूद झाली. किनाऱ्यावर शेकडो स्थानिक जाती असताना सारी भिस्त एका पाहुण्या जातीवर ठेवणे मला घातक वाटते.

कोकणाचा विचार तर निराळाच करावा लागतो, कारण जून ते सप्टेंबर खवळलेल्या समुद्रात लागवडीचे तराफे टिकत नाहीत. शैवालांचे वेळापत्रक मात्र त्या समुद्राशी जुळलेले आहे. मालवणच्या खडकांवर सरगॅसमची तपकिरी झुडपे पावसाळा ओसरल्यावर बहरतात. आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात त्या ऐन पावसाळ्यात, लाटांच्या तुषारांनी सतत भिजणाऱ्या कातळावर पोर्फायराचे जांभळट, कागदाइतके पातळ पापुद्रे धरतात. जपानी लोक ज्या नोरीत भात गुंडाळतात, तिचेच हे जवळचे भावंड आहे.