लेझरचा धक्का आणि लेझरची जाळी

अतिशीत अणूंबद्दल वाचताना एक गल्लत हमखास होते. ‘लेझरने अणू थंड केले’ आणि ‘लेझरच्या जाळीत अणू धरले’ ही दोन्ही वाक्यं एकाच बातमीत येतात. मग वाटतं, काम एकच आहे: प्रकाश अणूंना आवळत जातो आणि शेवटी ते जागच्या जागी थिजतात. खरं तर ही दोन निराळी बलं आहेत, आणि पदार्थतरंगाच्या, म्हणजे अणूच्याच तरंगरूपाच्या, बाबतीत एक बिघडवतं ते दुसरं जपतं.

आधी थंड करणारा लेझर. रुबिडियमचा अणू 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. लेझरकडे येणाऱ्या अणूलाच डॉप्लर परिणामामुळे (समोर येणाऱ्याला प्रकाश किंचित निळ्या बाजूला सरकलेला दिसतो) हा नेमका रंग दिसावा, म्हणून लेझर किंचित लाल बाजूला ठेवतात. एका फोटॉनमागे अणूचा वेग सेकंदाला जेमतेम 6 मिलिमीटरने घटतो. खोलीच्या तापमानाला तो सेकंदाला सुमारे 300 मीटर वेगाने पळत असतो. म्हणजे त्याला थांबवायला जवळपास 50 हजार फोटॉन लागतात. शोषलेला प्रत्येक फोटॉन अणू पुन्हा सोडतो, पण कोणत्या दिशेला, हे ठरलेलं नसतं. अणूची ऊर्जा याच वाटेने बाहेर जाते, म्हणून तर तो थंड होतो. पण असा एक स्वैर धक्का बसला, की त्या अणूच्या तरंगाचा इतरांशी जुळलेला फेज, म्हणजे चढउतारांचा ताल, तुटतो. शिवाय या धक्क्यांमुळे तापमान एका मर्यादेखाली उतरत नाही. 1995 साली अमेरिकेत बोल्डरला कॉर्नेल आणि वीमन या भौतिकशास्त्रज्ञांनी रुबिडियमचं बोस-आइनस्टाइन संघनित, म्हणजे सगळे अणू मिळून एकच तरंग होण्याची अवस्था, मिळवलं, तेव्हा शेवटच्या टप्प्यात थंड करणारे लेझर बंद होते. चुंबकीय सापळ्यातून जास्त ऊर्जेचे अणू निसटू दिले, आणि 170 नॅनोकेल्विनच्या, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या तापमानाच्या, आसपास संघनित दिसलं.

जाळीचा लेझर अणूच्या रंगापासून मुद्दाम लांब ठेवतात, अनेकदा 1064 नॅनोमीटरला. हा प्रकाश अणू जवळजवळ शोषतच नाही. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्रामुळे अणूतले धन आणि ऋण भार किंचित सरकून द्विध्रुव तयार होतो, आणि जिथे प्रकाश तीव्र, तिथे त्याची ऊर्जा कमी होते. समोरासमोरच्या दोन झोतांचा स्थिर तरंग (ज्याचे तीव्र आणि मंद भाग जागच्या जागी राहतात) झाला, की दर 532 नॅनोमीटरला एक खळगा. हे खळगे इतके उथळ असतात, की गरम अणू त्यांच्यावरून सरळ निघून जातो. जाळी अणूला थंड करत नाही. आधीच थंड झालेल्या तरंगाला ती आकार देते.

इथेही फोटॉनची देवाणघेवाण होते, पण अणू एका झोतातून घेतो आणि दुसऱ्या झोतात देतो. दिशा स्वैर नसल्यामुळे संवेग ठरलेल्या पायऱ्यांनीच बदलतो आणि फेज टिकतो. दोन झोतांच्या वारंवारतेत 1 किलोहर्ट्झचा फरक ठेवला, तर अख्खी जाळी सेकंदाला सुमारे अर्धा मिलिमीटर वेगाने सरकते, सोबत तरंगही. प्रकाश क्षणभरच लावला, तर एकाच तरंगाचे वेगवेगळ्या वेगांचे भाग करता येतात. मला यातलं हे सर्वांत देखणं वाटतं: झोतांची तीव्रता आणि वारंवारता एवढ्या दोनच गोष्टी हातात घेऊन पदार्थ वळवता येतो.

गल्लत व्हायला कारणही आहे. 1990च्या दशकातल्या सुरुवातीच्या जाळ्या अणूच्या रंगाजवळच्याच असत, त्यामुळे त्या धरतही आणि थंडही करत. फरक ठरतो तो लेझरचा रंग अणूच्या रंगापासून किती लांब, या अंतरावर. अंतर दुप्पट केलं तर जाळीची खोली निम्मी होते, पण शोषण चौथाईवर येतं. म्हणून लांबचा रंग आणि जास्त शक्तीचा लेझर असा सौदा परवडतो.

2002 साली जर्मनीत म्युनिकला ग्रायनर, ब्लॉख या भौतिकशास्त्रज्ञांच्या आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात याचा कस लागला. उथळ जाळीतून सोडलेल्या अणूंच्या चित्रात व्यतिकरणाचे, म्हणजे जुळलेले तरंग एकमेकांत मिसळल्याचे, ठळक ठिपके दिसत. जाळी खोल केली तसे ठिपके पुसले गेले, कारण प्रत्येक खळग्यात ठरावीक संख्येने अणू अडकले. जाळी पुन्हा उथळ करताच सुमारे 4 मिलिसेकंदांत ठिपके परत आले. जाळी पुन्हा उथळ करताच सुमारे 4 मिलिसेकंदांत ठिपके परत आले.