आयएल-६ आणि सीआरपी: एकाच दाहाचे दोन आकडे

रिपोर्टवर ही दोन नावं बऱ्याचदा एकाखाली एक असतात. दोन्ही दाहाच्या चाचण्या, त्यामुळे एक वाढली की दुसरीही वाढलेली असणारच, असं धरून चालणारे पुष्कळ. पण तसं नसतं.

इंटरल्युकिन-६, म्हणजे आयएल-६, हा पेशींनी पाठवलेला रासायनिक निरोप आहे. संसर्ग झाला, इजा झाली की मॅक्रोफेजसारख्या रोगप्रतिकारक पेशी तो रक्तात सोडतात. यकृताला तो मिळाला की यकृत सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे प्रथिन, बनवायला घेतं. म्हणजे सीआरपी ही त्या निरोपावरची कारवाई. गंमत अशी की कारवाईच आधी सापडली: सीआरपी १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात, तर आयएल-६चं जनुक १९८६ मध्ये ओसाकात, किशिमोतो आणि हिरानो यांच्या गटाला.

या क्रमामुळे वेळेचा फरक पडतो. आयएल-६ काही तासांतच चढतं आणि कारण मिटलं की झपाट्याने उतरतं. सीआरपी वाढलेली दिसायला सहाएक तास तरी जातात, शिखर दोन दिवसांच्या आसपास येतं आणि तिचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण १९ तासांचं. ताप चढून तीनच तास झाले असताना सीआरपी नॉर्मल आली, तर त्यात हुरळून जाण्यासारखं काही नाही. उलट रुग्ण सुधारतोय, आयएल-६ खाली आलंय आणि सीआरपी मात्र अजून वरच, हेही नेहमीचंच.

एककांकडे तर कोणी बघतच नाही. सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, आयएल-६ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. दोन्हीपुढे ५ लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात सीआरपी दहा लाख पट जास्त असते. एवढी असल्यामुळे तिला प्रतिपिंड जोडून नमुना किती गढुळतो, एवढं मोजलं तरी भागतं. आयएल-६ला दोन प्रतिपिंडांच्या चिमटीत पकडावं लागतं, आणि केस-नखांसाठी घेतलेलं बायोटिन काही यंत्रांवर हा आकडा खोटा कमी दाखवतं. नमुन्याचे नखरेही आयएल-६चेच. रक्ताची नळी तासन्‌तास तशीच पडली तर आतल्या पेशींमुळे आकडा बदलू शकतो, म्हणून सीरम किंवा प्लाझ्मा लवकर वेगळा करून थंड ठेवतात. सीआरपीला इतकं जपावं लागत नाही.

साध्या तापाला माझ्या मते सीआरपी पुरेशी. आयएल-६ खरं उपयोगी पडतं ते तासांचा हिशेब असतो तिथे: नवजात बाळातल्या सेप्सिसची, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या जीवघेण्या प्रतिक्रियेची शंका, किंवा कॅन्सरवरच्या कार-टी पेशी-उपचारांनंतरचं सायटोकाइन वादळ, म्हणजे अशा निरोपांचा रक्तात अचानक उसळलेला पूर. दाहाचं कारण मात्र दोन्ही सांगत नाहीत. लांब पल्ल्याची शर्यत धावून आल्यावरही आयएल-६ कितीतरी पट वाढलेलं असतं.

खरी फसगत होते ती टोसिलिझुमॅब हे संधिवातासारख्या आजारांवरचं इंजेक्शन घेणाऱ्यांची. हे औषध आयएल-६चा रिसेप्टरच, म्हणजे पेशीवरची निरोप घेण्याची जागाच, अडवतं. निरोप यकृतापर्यंत पोचत नाही, सीआरपी तळाला जाते. रिसेप्टरमार्फत निचरा न झाल्याने आयएल-६ मात्र रक्तात साचून वाढतं. अशा रुग्णाला जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी नॉर्मल राहू शकते. यकृत खूपच निकामी झालं असेल तरीही ती अपेक्षेइतकी वाढत नाही. तेव्हा रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवताना टोसिलिझुमॅबचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं, हे आधी सांगावं.