आल्बुकर्कीत कॅमेरे आले त्याआधी तिथे पेपर होते

२० जानेवारी २००८ ला अमेरिकेत ब्रेकिंग बॅड या टीव्ही सिरीजचा पहिला एपिसोड दाखवला गेला आणि न्यू मेक्सिकोमधलं आल्बुकर्की हे शहर जगभर कळलं. त्यानंतर पाच आठवड्यांच्या आत, २३ फेब्रुवारीला, त्याच शहरातला आल्बुकर्की ट्रिब्यून हा संध्याकाळचा पेपर कायमचा बंद पडला. पहिली तारीख फॅन लोकांना पाठ असते, दुसरी कोणालाच माहीत नसते. मलाही नव्हती. सिरीज संपल्यावर या शहराबद्दल वाचत गेलो तेव्हा कळलं की कॅमेरे येण्याआधी सव्वाशे वर्षं हे गाव स्वतःची गोष्ट स्वतः छापत होतं, आणि ती गोष्ट सिरीजपेक्षा कमी नाहीये, म्हणून हे लिहितोय.

नाव वाचून आपल्याला गोव्याचा अल्बुकर्क आठवतो, पण हा तो नाही. १७०६ मध्ये स्पॅनिश लोकांनी हे गाव वसवलं आणि तेव्हाच्या व्हाइसरॉयला, म्हणजे ड्यूक ऑफ आल्बुर्केर्केला खूश करायला त्याचं नाव दिलं. गंमत म्हणजे दोन्ही नावांचं मूळ स्पेन-पोर्तुगाल सीमेवरचं एकच गाव आहे.

छापील पेपरची सुरुवात रेल्वेमुळे झाली. एप्रिल १८८० मध्ये रेल्वे पोचली, जूनमध्ये गोल्डन गेट नावाचा पेपर निघाला, काही महिन्यांतच त्याचा मालक वारला आणि १४ ऑक्टोबर १८८० ला तोच पेपर आल्बुकर्की डेली जर्नल म्हणून नव्याने सुरू झाला. आजचा आल्बुकर्की जर्नल तो हाच. स्टेशन जुन्या गावापासून मैल-दोन मैल लांब बांधलं गेलं त्यामुळे स्टेशनभोवती नवं गाव उभं राहिलं, व्यापारी तिकडे गेले, पाठोपाठ पेपरही तिकडे गेला. पण गावात स्पॅनिश बोलणारे भरपूर होते आणि त्यांचा आवाज इंग्लिश पेपरात फारसा नसायचा, म्हणून १९०१ मध्ये ला बांदेरा अमेरिकाना हा स्पॅनिश पेपर इथे निघाला. त्यातले नेस्तोर मोंतोया पुढे अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेले. न्यू मेक्सिको १९१२ पर्यंत राज्यसुद्धा नव्हतं हे लक्षात घ्या, नुसती टेरिटरी, म्हणजे केंद्राच्या ताब्यातला प्रदेश होती, आणि आम्हाला राज्य द्या ही मागणी दोन्ही भाषांतले पेपर लावून धरायचे.

आता कार्ल मॅगी. या माणसावर मी तासभर बोलू शकतो. हा ओक्लाहोमातला वकील, बायकोच्या तब्येतीला कोरडी हवा मानवेल म्हणून १९२० च्या सुमारास इकडे आला आणि त्याने जर्नल विकत घेतला. विकणाऱ्यांमध्ये न्यू मेक्सिकोचा सिनेटर आल्बर्ट फॉल होता, आणि आपली पैशांची किती ओढाताण आहे हे तेव्हा त्याने मॅगीला सांगितलं होतं. पुढे फॉल केंद्रात इंटीरियर खात्याचा मंत्री झाला, नौदलासाठी राखून ठेवलेल्या तेलाच्या जमिनी त्याने गुपचूप तेल कंपन्यांना लीजवर दिल्या, आणि हा कंगाल माणूस अचानक आपल्या रँचवर पैसा ओतताना दिसायला लागला. १९२३ मध्ये मॅगीने सिनेटच्या कमिटीसमोर साक्ष दिली, आधी काय ऐकलं आणि नंतर काय पाहिलं ते सांगितलं. तेलाच्या जमिनींच्या या टीपॉट डोम प्रकरणात हा पैसा आला कुठून हा प्रश्न ऐरणीवर आला तो अशा साक्षींमुळे. फॉल शेवटी लाच घेतल्याबद्दल जेलमध्ये गेला, पदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी जेलमध्ये गेलेला तो पहिला अमेरिकन मंत्री.

मॅगीने याची किंमत साक्षीच्या आधीच मोजली होती. राजकारण्यांशी पंगा घेतल्यावर त्याच्या कर्जांवर दबाव आला आणि जर्नल हातातून गेला. मग त्याने १९२२ मध्ये मॅगीज इंडिपेंडंट नावाचा साप्ताहिक पेपर काढला, पुढच्या वर्षी तो न्यू मेक्सिको स्टेट ट्रिब्यून झाला आणि स्क्रिप्स-हॉवर्ड या पेपरांच्या मोठ्या साखळीने घेतला. सुरुवातीला सांगितलेला आल्बुकर्की ट्रिब्यून तो हाच. त्या साखळीचं दीपगृहाचं चिन्ह आणि 'प्रकाश द्या, लोक आपली वाट आपण शोधतील' या अर्थाचं ब्रीदवाक्य मॅगीच्या पेपरातूनच आलं. (पुढे हाच माणूस ओक्लाहोमा सिटीत गेला आणि पार्किंग मीटर त्याच्या डोक्यातून निघालं, १९३५ मध्ये पहिलं मीटर तिथे बसलं. एका आयुष्यात किती करावं माणसाने.)

मग मंदी आली. दोन पेपर, दोन छापखाने, दोन जाहिरात विभाग, आणि गाव एवढंसं. १९३३ मध्ये जर्नल आणि ट्रिब्यूनने असं ठरवलं की छपाई, जाहिरात, वितरण सगळं एकत्र करायचं पण न्यूजरूम वेगळ्याच ठेवायच्या, एकाने सकाळी निघायचं एकाने संध्याकाळी, बातमीच्या बाबतीत एकमेकांचे कट्टर स्पर्धक. अमेरिकेतला असा हा पहिला करार. नंतर बऱ्याच शहरांनी तो उचलला आणि १९७० मध्ये अशा करारांना संरक्षण देणारा कायदाच झाला. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण एका गावात बातम्या शोधणाऱ्या दोन टीम असणं ही चैन नाही, एकाने दाबलेलं दुसरा छापतो.

हे नुसतं म्हणायला नाही. १९८७ मध्ये ट्रिब्यूनची रिपोर्टर आयलीन वेल्सम एअर फोर्सचा एक रिपोर्ट वाचत होती, किरणोत्सर्गी प्रयोगांतले मेलेले प्राणी कुठे पुरले याबद्दलचा, आणि त्यात एका तळटीपेत माणसांना प्लुटोनियम टोचल्याचा उल्लेख तिला दिसला. सहा वर्षं तिने ते धरून ठेवलं, इतर कामं करत करत. सरकारी कागदांत त्या लोकांची नावं नव्हती, नुसते कोड होते, आणि तिने त्यातल्या काही कोडमागची माणसं शोधून काढली, त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचली. १९४५ ते १९४७ मध्ये १८ जणांना प्लुटोनियमची इंजेक्शनं दिली होती, नक्की काय टोचतोय ते न सांगता. नोव्हेंबर १९९३ मध्ये मालिका छापली गेली, १९९४ मध्ये पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, राष्ट्राध्यक्ष क्लिंटनने चौकशी समिती नेमली आणि १९९५ मध्ये सरकारतर्फे माफी मागितली. हे सगळं एका मध्यम शहरातल्या, खप उतरत चाललेल्या सांजदैनिकाने केलं. न्यूयॉर्क-वॉशिंग्टनवाल्यांनी नाही!

रेडिओची कथा थोडक्यात. केओबी हे स्टेशन मुळात राज्याच्या दक्षिणेकडच्या कृषी कॉलेजमधल्या राल्फ गोडार्ड या प्रोफेसरच्या प्रयोगांतून निघालं, १९२२ मध्ये त्याला लायसन्स मिळालं. १९२९ च्या शेवटच्या दिवशी गोडार्ड स्टेशनवरच विजेचा धक्का बसून गेले, आणि १९३२ मध्ये स्टेशन आल्बुकर्कीला आलं. १९४१ मध्ये त्याला ७७० ही फ्रीक्वेन्सी दिली जी न्यूयॉर्कचं मोठं स्टेशन आधीच वापरत होतं, आणि त्यावरून दोघांचं भांडण कित्येक दशकं चाललं. जर्नलचे मालक टॉम पेपरडे यांनीच २९ नोव्हेंबर १९४८ ला केओबी टीव्ही सुरू केला, राज्यातलं पहिलं टीव्ही स्टेशन. १९५३ मध्ये केओएटी आणि केजीजीएम ही टीव्ही स्टेशनं आली, १९५८ मध्ये युनिव्हर्सिटी आणि शाळा बोर्डाने मिळून शैक्षणिक चॅनल काढला. या सगळ्यात शहराशेजारचा सँडिया डोंगर महत्त्वाचा. माथा १०,६७८ फूट उंच, तिथे टॉवर उभे केले की खालच्या रिओ ग्रँडे नदीच्या खोऱ्याचा मोठा भाग कव्हर होतो, त्यामुळे इथल्या बातम्या दूरदूरच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचतात. सँडिया म्हणजे स्पॅनिशमध्ये कलिंगड, संध्याकाळी तो डोंगर खरंच तसा लाल-गुलाबी दिसतो.

आणि सिनेमा? तोही २००८ मध्ये आला नाही. शहराच्या दक्षिणेला इस्लेटा प्वेब्लो आहे, आदिवासींचं जुनं गाव, तिथल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांचं एक मिनिटभराचं चित्रण एडिसनच्या माणसांनी १८९८ च्या आसपास केलं, राज्यातला हा पहिला सिनेमा मानतात. १९१२ मध्ये ग्रिफिथ हा दिग्दर्शक मेरी पिकफर्ड या नटीला घेऊन तिथेच शूटिंगला आला. १९२७ मध्ये सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर कीमो थिएटर उघडलं, प्वेब्लो नक्षी आणि त्या काळची आर्ट डेको शैली यांचं मिश्रण, ते अजून उभं आहे. १९६८ मध्ये राज्याने फिल्म कमिशन, म्हणजे शूटिंगवाल्यांना बोलावणारं सरकारी ऑफिस काढलं, अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या कमिशनांपैकी एक. पण शूटिंगवाले यायचे, वेस्टर्न पिक्चर काढायचे, आणि सामान आवरून निघून जायचे, गावात मागे काही राहायचं नाही.

ते बदललं कायद्याने. कॅनडा सवलती देऊन हॉलिवूडचं काम खेचत होता, तेव्हा २००२ मध्ये न्यू मेक्सिकोने ठरवलं की राज्यात जेवढा खर्च कराल त्याचे १५ टक्के आम्ही परत देऊ, पुढे ते २५ टक्के केले. २००७ मध्ये शहराच्या दक्षिणेला मेसा देल सोलमध्ये आल्बुकर्की स्टुडिओज उघडले. ब्रेकिंग बॅडची गोष्ट आधी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये घडणार होती, या परताव्यामुळे ती इकडे आली, म्हणजे ज्या वाळवंटाने आणि आभाळाने आपल्याला वेड लावलं ते मुळात हिशेबातून आलं. २०११ मध्ये राज्याने परताव्यावर वर्षाला ५ कोटी डॉलरची मर्यादा घातली, २०१३ मध्ये टीव्ही सिरीजसाठी परतावा ३० टक्के केला, २०१९ मध्ये मर्यादा ११ कोटींवर नेली आणि जे कायमचा तळ ठोकतील त्यांना मर्यादेतून सूट दिली. नेटफ्लिक्सने २०१८ मध्येच ते स्टुडिओ घ्यायचं जाहीर केलं होतं, दहा वर्षांत एक अब्ज डॉलर खर्च करू म्हणाले, राज्याने १ कोटी आणि शहराने ४५ लाख डॉलर दिले. २०२० मध्ये आणखी एक अब्ज जाहीर झाले. एनबीसी युनिव्हर्सलही २०१९ मध्ये आलं. आता लाइटवाले, सुतार, मेकअपवाले, ड्रायव्हर असे बरेच जण इथेच राहून पोट भरतात आणि हे चांगलंच झालं, मी त्याच्या विरोधात नाही.

मला खुपतं ते वेगळं. ट्रिब्यून २००७ मध्ये विकायला काढला गेला, खप सुमारे दहा हजारांवर आला होता, आणि त्याला वाचवणारा खरेदीदार शेवटी मिळाला नाही. सांजदैनिकं सगळीकडेच गेली, मान्य आहे, टीव्हीच्या बातम्या आणि नेटने त्यांची वेळच खाल्ली. पण बाहेरच्यांनी या शहराची काल्पनिक गोष्ट सांगावी म्हणून सार्वजनिक पैसा काढायची पद्धत बसली, आणि शहराची खरी गोष्ट शोधणाऱ्यांसाठी त्या तोडीचं काही झालं नाही. २०२० मध्ये वीकली अलिबाय हे साप्ताहिकही थांबलं. साडेपाच लाखांच्या वर वस्तीच्या शहरात आता जर्नल हे एकच इंग्लिश दैनिक आहे. २०२२ मध्ये सिरीजमधल्या वॉल्टर आणि जेसीचे ब्राँझचे पुतळे कन्व्हेन्शन सेंटरमध्ये बसले. सिरीज मलाही आवडते, पण वेल्समच्या कामाची आठवण तिथे अशी कुठेतरी उभी असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

कोणी तिकडे जाणार असाल तर सिरीजची टूर जरूर करा, पण गिरार्ड बुलेवार्डवरचं एक छोटं घरही बघा. ते अर्नी पाइलचं. तो स्क्रिप्स-हॉवर्डचा युद्धवार्ताहर, साध्या सैनिकांबद्दल लिहायचा, १९४० मध्ये त्याने हे घर बांधलं आणि १८ एप्रिल १९४५ ला ओकिनावाजवळच्या बेटावर गोळी लागून तो गेला. १९४८ मध्ये शहराने त्या घराची लायब्ररी केली. आजही ती आजूबाजूच्या वस्तीची साधी लायब्ररीच आहे, राहत्या घराच्या खोल्यांमध्ये पुस्तकांची कपाटं, आत जायला तिकीट नाही.