घर बांधण्याआधी तिथली हवा कोण तपासतं?

मुंबईतल्या मोठ्या गृहप्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीच्या फाइलीत हवेचा अहवाल असतोच. धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड मोजलेले असतात. बांधकामाची धूळ, जनरेटरचा धूर आणि वाढलेल्या गाड्या त्यात किती भर घालतील, याचा हिशेबही असतो. थोडक्यात, इमारत हवेचं काय करेल हे विचारलं जातं. ती हवा तिथे राहायला येणाऱ्या माणसांचं काय करेल, हे मात्र कुणी धड विचारत नाही.

याचं मूळ कायद्यांच्या घडणीत आहे. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याचा रोख कारखान्यांच्या धुराड्यांवर होता. भोपाळनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याखाली १९९४ मध्ये, प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासायला लावणारी परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना निघाली. तिच्यात धरणं, खाणी, रसायन कारखाने होते. मोठी बांधकामं २००४ च्या दुरुस्तीने आली. १४ सप्टेंबर २००६ च्या नव्या अधिसूचनेने २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांना मंजुरी लागेल असं ठरवलं, पण बांधकामांना जनसुनावणीतून वगळलं. वारा कोणत्या महिन्यात कुठून येतो, रात्री किती वाजता वास सुटतो, हे जुन्या रहिवाशांनाच माहीत असतं. त्यांना ते सांगायची जागाच उरली नाही. माझ्या मते हीच सर्वांत मोठी चूक.

वासाची तर दखलच नाही. हवेच्या गुणवत्तेच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषक आहेत. त्यांत अमोनिया आणि बेंझिन आहे, पण कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ मध्ये दुर्गंधीवर मार्गदर्शिका काढली, तीही मार्गदर्शनापुरतीच राहिली. वास मोजता येत नाही, ही सबब खरी नाही. युरोपात २००३ पासून त्याची प्रमाणित पद्धत आहे. पिशवीत भरून आणलेली हवा स्वच्छ हवेत मिसळून पातळ करतात आणि पारखून निवडलेल्या माणसांना हुंगायला देतात. निम्म्यांनाच वास जाणवेल इतकी ती पातळ करायला किती पट स्वच्छ हवा लागली, त्यावरून आकडा ठरतो. इंग्लंडमध्ये सांडपाणी केंद्राशेजारी घरं बांधायची असतील, तर परवानगीच्या अर्जासोबत असा अभ्यास सर्रास मागितला जातो. तिथल्या २०१८ च्या राष्ट्रीय नियोजन धोरणाने तर त्रास टाळण्याच्या उपायांची जबाबदारी नव्याने येणाऱ्या बांधकामावरच टाकली.

आपल्याकडे हे न विचारण्याची किंमत माहुलने मोजली. चेंबूरच्या या टोकाला १९५० च्या दशकापासून तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, नंतर खत कारखाना आणि रसायनांच्या साठवण टाक्या आल्या. त्यांना खेटून प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारती उभ्या राहिल्या. केईएम रुग्णालयाच्या २०१३ च्या पाहणीत माहुल परिसरातल्या सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचं सांगितलं. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही इथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलं. तरीही २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथली कुटुंबं इथेच आणली गेली. पाहणी झालेली होती, निकाल लागलेला होता, आणि घरांचं वाटप करणाऱ्या यंत्रणेला ते विचारात घ्यावंसं वाटलं नाही! अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांना माहुलला सक्तीने पाठवणं थांबवलं आणि दरमहा १५ हजार रुपये भाडं देण्याचा आदेश दिला.

कचऱ्यामुळे बांधकाम अडल्याचं मोठं उदाहरणही मुंबईचंच. जानेवारी २०१६ मध्ये १९२७ पासून चालू असलेलं देवनारचं डंपिंग पेटलं आणि शहरभर धूर पसरला. फेब्रुवारीअखेर उच्च न्यायालयाने, कचऱ्याची नियमाप्रमाणे विल्हेवाट लागत नाही म्हणून, शहरात नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली. पुनर्विकासाला त्यातून सूट होती. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अटींसह शिथिल केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे सक्तीचे केले. तो उपाय आवश्यकच होता, पण तोही आतली धूळ बाहेर जाऊ नये यासाठीचा.

आता २०२४ च्या निर्णयानुसार देवनार डंपिंगचीच १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायची आहे. तिथे पाया खणण्याआधी जमिनीतून निघणारा मिथेन, हायड्रोजन सल्फाइड आणि उरलेल्या कचऱ्याचा वास तिन्ही ऋतूंत मोजून ते आकडे गोवंडी-शिवाजीनगरच्या रहिवाशांसमोर आणि धारावीतून येणाऱ्या कुटुंबांसमोर मराठीत आणि हिंदीत ठेवले पाहिजेत.