झॉम्बी आले, पण लग्नानंतर नव्हे

'प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झॉम्बीज' हा जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीचा पुढचा भाग, असं अनेक जण अजूनही ठासून सांगतात. तसं नाही. २००९ च्या या पुस्तकात सेथ ग्रॅहम-स्मिथने १८१३ ची मूळ कादंबरीच घेऊन तिच्यात चालते मुडदे घुसवले. बहुतांश मजकूर ऑस्टिनचाच, म्हणून मुखपृष्ठावर तिचंही नाव. नायिका एलिझाबेथ आणि नायक डार्सी इथेही आधी भांडतात, मग लग्न करतात; मधे तलवारी चालतात एवढंच. स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता.

लग्नानंतरची भुताटकी हवी असेल, तर त्याच वर्षीचं अमांडा ग्रेंजचं 'मिस्टर डार्सी, व्हॅम्पायर' वाचा. (नावातच रहस्य फोडलंय, असो.) झॉम्बींचा खरा पुढचा भाग २०११ मध्ये आला, आणि तोही दुसऱ्याच लेखकाचा.